आधी केरसुणी, मग औषध

कवितावाचनाला कुठं गेलो की कार्यक्रम संपल्यावर दोन-चार माणसं जवळ येतात. वाटतं, एखाद्या कवितेविषयी काही विचारतील. पण आमच्या तालुक्यात माझ्या कवितेपेक्षा माझा शेरा जास्त ओळखीचा आहे. शेरा म्हणजे माझा कुत्रा. गावठीच, तांबूस, एक कान कायम पडलेला. तेव्हा प्रश्न येतो तो असा : "चाचा, आमच्या कुत्र्याच्या अंगावर पिसवा झाल्यात. पोटात जंतपण असतील. काहीतरी घरगुती सांगा. औषध-बिवषध नको, नैसर्गिक पाहिजे."

हा 'नैसर्गिक' शब्द मला पूर्वी फार आवडायचा. कवीला तो आवडणारच. कडुनिंब, वावडिंग, ओवा, हळद. आपल्या परसात आणि फडताळात सगळं आहे, मग दुकानात कशाला जायचं, असं मीही म्हणायचो. आज त्याच प्रश्नाचं उत्तर मी माझ्या परीनं देणार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. जे सांगतो आहे ते जनावरांच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं, पुस्तकांतून ताडून घेतलेलं आणि एका चुकीतून शिकलेलं आहे. ती चूकच आधी सांगतो.

2008 च्या पावसाळ्यात रस्त्याकडेला एक पिल्लू सापडलं. महिना-दीड महिन्याचं असेल. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. नाव ठेवलं मोत्या. आमचं गाव सातारा जिल्ह्यात पाटणच्या बाजूचं. तिथला पाऊस म्हणजे चार महिने चिखल आणि ओल. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, अंग मात्र बरगड्या मोजता येतील असं. केसांत बोट फिरवलं की पिसवा सैरावैरा पळायच्या. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? लहानपणी आम्हा भावंडांना दादी दुधात वावडिंग उकळून द्यायची. तेच मोत्याला सुरू केलं. कुणीतरी सांगितलं, लसणीनं जंतही जातात आणि पिसवाही पळतात. म्हणून भाकरीच्या कुस्करात लसणीच्या पाकळ्या ठेचून घातल्या. अंगाला कडुनिंबाचा पाला वाटून लावला. आपण काही करतो आहोत याचं समाधान मोठं होतं.

पाचव्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी झाली. सहाव्या दिवशी ते उठेना. पिशवीत घालून एस.टी.नं तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी काही विचारायच्या आधी मोत्याचा ओठ वर केला आणि मला म्हणाले, "हिरड्या बघा." हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. "याच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. आतून जंत पितायत, बाहेरून पिसवा पितायत." मग विचारलं, "घरी काय दिलंत?" मी सांगितलं. लसणीचं नाव ऐकून ते क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. निरोगी मोठ्या कुत्र्याला एखाद्या पाकळीनं फरक पडणार नाही. पण ज्याचं रक्त आधीच चाललंय त्याला कशाला?"

त्यांनी इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. मोत्या त्या रात्री गेला. डॉक्टर मला रागावले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. परत येताना त्यांनी एक वाक्य सांगितलं होतं, ते पुढं माझ्या उपयोगी पडलं. "अहो, पाला कुठला लावायचा हे नंतर बघा. ती पिसू आणि तो जंत राहतात कुठं, येतात कुठून, हे आधी बघा."

ते बघायला लागल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या.

पिसू म्हटली की मराठी माणसाला प्लेग आठवतो. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते, हे 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत प्रयोग करून दाखवलं. कुत्र्याच्या अंगावरची पिसू ती नव्हे. गंमत म्हणजे कुत्र्यावर बहुधा जी सापडते तिचं शास्त्रीय घराणं 'मांजराची पिसू' म्हणून ओळखलं जातं. कुत्रा, मांजर, दोघंही तिला चालतात. आपले पायही चालतात.

आता खरी गोष्ट ऐका. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे त्या सगळ्या गोतावळ्याचा अगदी लहान हिस्सा. शास्त्रज्ञ ढोबळमानानं तो शंभरात पाच असा धरतात. उरलेल्या पंच्याण्णव कुत्र्यावर नसतातच. त्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपात आपल्या घरात, पडवीत, गोणपाटाखाली, फरशीच्या सांध्यांत असतात. मादी रक्त प्यायल्यावर दोन दिवसांच्या आत अंडी घालू लागते आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत घालते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसांना चिकटून राहत नाहीत. मिठाच्या बारीक कणासारखी घरंगळून खाली पडतात. कुत्रं जिथं झोपतं, जिथं अंग झाडतं, तिथं ती सांडतात. त्यातून अळी निघते. अळीला उजेड सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही. ती फटीत, धुळीत, अंथरुणाखाली शिरते आणि मोठ्या पिसवांची रक्ताळलेली विष्ठा खाऊन वाढते. मग ती कोष विणते. कोष चिकट असतो, त्याला धूळ माती लागते, आणि तो दिसेनासा होतो. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसू व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. पण हवा अनुकूल नसेल तर कोषातली पिसू महिनोन् महिने नुसती बसून राहते. कशाची वाट बघते? पावलांच्या हादऱ्याची, अंगाच्या उबेची, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची.

बंद घर उघडल्यावर पिसवांचा हल्ला का होतो, ते मला तेव्हा कळलं. आम्ही महिना-दोन महिने लेकीकडे राहून गावच्या घरी परतायचो आणि पडवीत पाय ठेवताच पोटऱ्यांवर काळे ठिपके उडायचे. दादी म्हणायची, "उपाशी होत्या बिचाऱ्या." ती चेष्टेनं म्हणायची, पण अगदी बरोबर म्हणायची.

म्हणजे पंच्याण्णव शत्रू जमिनीवर आणि आपण पाला लावतोय पाचांना! पिसवांवरचा पहिला नैसर्गिक उपाय झाडपाल्याचा नाही, केरसुणीचा आहे. कुत्र्याची बसायची जागा रोज झाडायची. कोपरे, फटी, पायऱ्यांचे सांधे, खाटेखालची जागा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, त्याच्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा बाहेर पडतात आणि ओढल्या जातात. केर कोपऱ्यात साठवून ठेवायचा नाही; साबणाच्या पाण्यात टाकायचा किंवा पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढायचा. कुत्र्याचं अंथरूण एकच ठेवायचं, म्हणजे अंडी एका जागी पडतील. ते आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवायचं आणि कडकडीत उन्हात वाळवायचं. माझी बायको शेराची गोधडी उकळत्या पाण्याच्या बादलीतच बुडवते. उन्हाळ्यात ऊन आणि कोरडी हवा अर्धं काम करतात. पावसाळ्यात ते काम आपल्याला करावं लागतं, आणि नेमका त्याच वेळी आपण आळस करतो.

कुत्र्याच्या अंगासाठी दुसरं साधन घरोघरी आहे. आपली उवांची फणी. दाट दातांची. मान, पाठ आणि शेपटीचं बूड इथं ती सावकाश फिरवायची आणि दर वेळी साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवायची. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारते. साबणाच्या पाण्यात ती बुडते. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवून बघा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, ते पचलेलं रक्त. पिसवा दिसत नसल्या तरी आहेत, याचा तो पुरावा. आंघोळ घालताना आधी मानेभोवती फेसाचा जाड पट्टा करायचा, नाहीतर पाणी अंगावर पडताच सगळ्या पिसवा कान-डोळ्यांकडे पळतात. मग सगळ्या अंगाला फेस लावून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा. कुत्र्यासाठीचा सौम्य साबण असेल तर बरा. आणि घरात मांजर असेल, तर फणी तिलाही हवी.

हे सगळं निदान तीन महिने चालवावं लागतं, कारण कोषातल्या पिसवा टप्प्याटप्प्यानं बाहेर येत राहतात. पंधरा दिवसांनी पुन्हा चार पिसवा दिसल्या की लोक म्हणतात, उपाय फसला. उपाय फसलेला नसतो, आधीच्या अंड्यांचा हिशोब चुकता व्हायचा असतो.

आता कडुनिंबाकडे येतो. त्याच्यावर मी आजवर चार कविता लिहिल्यात, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलणं मला जड जातं. बोलायची गरजही नाही. कडुनिंबात अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं; ते कीटकांची वाढ बिघडवतं, शेतकरी ते फवारतात. पाला उकळून गाळून गार केलेल्या पाण्यानं मोठ्या, निरोगी कुत्र्याला शेवटी अंग विसळायला हरकत नाही. पण त्यानं पिसवांचा बंदोबस्त होईल या भरवशावर राहू नका. आणि निंबोणीचं कच्चं तेल वेगळी गोष्ट आहे. कुत्रं अंग चाटतं. ते तेल पोटात गेलं तर लाळ गळते, ओकाऱ्या होतात. पिल्लाला आणि गाभण कुत्रीला ते लावूच नये. माणसांच्या लहान मुलांनासुद्धा निंबोणीचं तेल पाजल्यामुळे विषबाधा झालेली आहे.

काही उपाय तर सरळ घातकच. तंबाखूचं पाणी लावतात; निकोटिन हे विष आहे, ते कातडीतूनही शिरतं. रॉकेल चोळतात, कातडी भाजते आणि चाटताना ते छातीत गेलं तर फुप्फुसं धरतात. डांबराच्या गोळ्या आणि कापूर अंथरुणात ठेवतात. दोन्ही कुत्र्याच्या पोटात गेले तर जीव धोक्यात. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावायची जुनी चाल आहे. ती पूड डोळ्यात गेली की डोळ्याच्या काचेला जखम होते, आणि कुत्रं तर अंग झाडणारच. शहरात हल्ली टी ट्री ऑइलची बाटली मिळते, तिच्यावर 'नैसर्गिक' असं छापलेलं असतं. कुत्र्या-मांजरांना त्याचीही विषबाधा होते. झाडापासून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, हा आपला समज झाडांनी कधी कबूल केलेला नाही. झाडं ही द्रव्यं तयार करतात ती बहुतेक वेळा कुणीतरी आपल्याला खाऊ नये म्हणूनच.

पिसवांकडून जंतांकडे जायला फार लांब जावं लागत नाही. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर कधी तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसतं, ओलं असेल तर वळवळतं. तो एका पट्टकृमीचा, म्हणजे चपट्या जंताचा, तुकडा. त्यात अंडी भरलेली असतात. ती अंडी खातं कोण? पिसवेची अळी. पुढं त्या अळीची पिसू होते, कुत्रं खाजवताना ती चावून गिळतं, आणि जंत पुन्हा पोटात. तुम्ही कितीही गोळ्या द्या, पिसवा तशाच ठेवल्या तर तीन-चार आठवड्यांत ते दाणे परत दिसतात. क्वचित लहान मूलही अशी पिसू गिळतं आणि त्यालाही हा जंत होतो. तेव्हा या जंतावरचा निम्मा उपाय केरसुणी आणि फणीच.

पण सगळे जंत असे नाहीत. पिल्लांचे दोन वैरी वेगळे. पहिला गोलकृमी. त्याच्या अळ्या आईच्या अंगात दडून असतात आणि पिल्लू गर्भात असतानाच त्याच्यात उतरतात; नंतर दुधातूनही येतात. म्हणजे कितीही स्वच्छता ठेवली तरी पिल्लू बहुधा जंत घेऊनच जन्मतं. दुसरा अंकुशकृमी. हा आतड्याला दातांनी धरून रक्त पितो. तो दुधातून येतो आणि ओल्या मातीतून थेट कातडीतूनही शिरतो. शी काळी, हिरड्या पांढऱ्या, पिल्लू मलूल. हीच माझ्या मोत्याची गोष्ट. इथं वाट बघायला वेळ नसतो.

म्हणून पिल्लाच्या बाबतीत मी हात जोडून सांगतो : घरगुती प्रयोग नकोत. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की वजन करून जंताचं पहिलं औषध द्यायचं, मग दर पंधरा दिवसांनी साधारण दोन महिन्यांचं होईपर्यंत, पुढं सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. आईलाही त्याच वेळी. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, किंवा डॉक्टर विष्ठा तपासून सांगतील तसं. पायरँटेलसारखं औषध गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर चालत नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. म्हणून दुकानातून 'जंताची कुठलीही गोळी' आणू नये.

वावडिंगाचं काय, असं तुम्ही विचाराल. पळसपापडी आणि भोपळ्याच्या बियांचं काय? या वनस्पतींत जंतांना त्रास देणारी द्रव्यं आहेत, हे खोटं नाही. प्रश्न मापाचा आहे. कुठल्या जंतावर, किती वजनाच्या कुत्र्याला, किती दिवस, हे ठरलेलं नाही. आणि ज्याचं रक्त रोज चाललंय त्याला अंदाजपंचे उपचार परवडत नाहीत. जी वनस्पती जोरदार काम करते ती तितकीच जोरदार अपायही करू शकते. सुपारीतलं अरेकोलिन एके काळी कुत्र्यांच्या पट्टकृमींवरचं नेहमीचं औषध होतं. न्यूझीलंडमधल्या मोहिमेत कुत्र्यांना ते देत. त्यानं जंत सुटायचे, पण कुत्र्याला भयंकर जुलाब व्हायचे. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन माणसांच्या जंतांवर कित्येक वर्षं देत; ते घेतल्यावर माणसाला जग पिवळं दिसायचं. अधिक सुरक्षित औषधं आली तशी ही मागं पडली.

आणि ती नवी औषधं आली कुठून? जपानमध्ये कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळची माती सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञानं तपासायला घेतली. तिच्यातल्या एका सूक्ष्मजीवापासून पुढं आयव्हरमेक्टिन मिळालं. त्या कामासाठी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. पिसवांवरच्या गोळीतलं स्पिनोसॅडही कॅरिबियन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रमच्या कारखान्याच्या मातीतल्या जिवाणूचं देणं. आता यांना नैसर्गिक म्हणायचं की औषध? माझ्यापुरता मी तो वाद सोडून दिलाय. यांचं माप ठरलेलं आहे, हा खरा फरक. माप चुकलं तर हीही विषच. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचतात. कोली जातीच्या कुत्र्याला त्यानं मरणही येऊ शकतं. कुत्र्याच्या पिसवांसाठीचं परमेथ्रिन मांजराला लावलं तर मांजर झटके येऊन मरतं.

जंतांच्या बाबतीत आपल्या हातातला नैसर्गिक उपाय कुठला? पुन्हा तोच. वाट तोडणं. गोलकृमीची अंडी विष्ठेबरोबर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. त्यांना मातीत दोन-तीन आठवडे तरी पिकावं लागतं. मग मात्र ती वर्षानुवर्षं टिकतात. अंकुशकृमीच्या अळ्यांना आठवडाही पुरतो, पण त्यांना ओल आणि सावली लागते. म्हणजे विष्ठा रोज उचलली, आणि भाजीच्या वाफ्यापासून, विहिरीपासून दूर खोल पुरली, तर या दोघांची वाट पिकण्याआधीच तुटते. एक जुनं फावडं आणि दोन मिनिटं, एवढाच खर्च. अंगणात पाणी साचू द्यायचं नाही, कुत्र्याच्या जागेवर ऊन येऊ द्यायचं, मुलांना तिथं अनवाणी सोडायचं नाही. कारण याच अळ्या माणसाच्या कातडीत शिरून नागमोडी रेघ उठवतात, आणि गोलकृमीची अंडी मातीच्या हातानं मुलाच्या तोंडात गेली तर अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही पोचतात. आमच्या दादीचा नियम होता : कुत्रं उंबऱ्याबाहेर, राखणीला, त्यानं तोंड घातलेलं भांडं मातीनं घासून सात वेळा धुवायचं, पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी नाकारायचं नाही, बुटात पाणी भरून कुत्र्याला पाजणाऱ्याची अल्लानं गुन्ह्यातून सुटका केली. अंतर आणि दया या दोन गोष्टी तिच्या मनात कधी भांडल्या नाहीत.

शेवटचा जंत सगळ्यांत लहान आणि माणसाला सगळ्यांत महाग पडणारा. एकिनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात तो काही मिलिमीटरचाच असतो, कुत्र्याला त्याचा फारसा त्रासही नसतो. पण त्याची अंडी पडल्या क्षणापासून बाधतात. ती चाऱ्याबरोबर शेळी-मेंढीच्या, गुरांच्या पोटात गेली की त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. माणसाच्या पोटात गेली तर माणसालाही; गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. याला हायडॅटिडचा आजार म्हणतात. आणि कुत्र्याला हा जंत होतो कसा? गाठी असलेली कच्ची आतडी-यकृतं खाऊन. म्हणजे आपण फेकलेली.

हे कळलं तेव्हा मला आमच्या मोहल्ल्याची बकरी ईद आठवली. कुर्बानी झाली की नको असलेला कोथळा, खराब काळीज मागच्या ओढ्याच्या काठाला टाकायचं आणि कुत्री तुटून पडायची. मुकी जनावरं, त्यांचीही ईद, असं आम्ही म्हणायचो. गावच्या जत्रेत बोकडं कापतात तेव्हाही तेच. दान म्हणून केलेली गोष्ट फिरून आपल्याच मुलांच्या ताटात येत होती.

यावर औषधाशिवाय काय करता येतं, ते आइसलँडनं दाखवलं. मेंढपाळांचा देश, घरोघरी कुत्री, आणि एकोणिसाव्या शतकात हा आजार तिथं प्रचंड. 1864 मध्ये हॅराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञानं लिहिलेली एक छोटी पुस्तिका घरोघर वाटली गेली. सांगणं साधं होतं : कच्ची आतडी, गाठींची काळजं कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा. लिहिता-वाचता येणारे लोक होते, त्यांनी ती वाचली आणि ऐकली. पुढं कायदेही झाले. प्राझिक्वांटेल यायला अजून शंभरहून अधिक वर्षं होती, तरी तो आजार तिथून हटत गेला. एका पुस्तिकेनं एवढं केलं, याचा लिहिणारा माणूस म्हणून मला हेवा वाटतो.

आमच्या मोहल्ल्यात पुस्तिका नाही, पण आता ईदच्या आदल्या दिवशी पोरं खड्डा खणतात. पुरुषभर खोल. नको असलेलं सगळं त्यात, वर चुना, माती आणि काटेरी फांद्या. पहिल्या वर्षी एका वडीलधाऱ्यानं विचारलं, "मग कुत्र्यांनी काय खायचं?" त्यांना सांगितलं, चांगलं उरलंसुरलं अर्धा-पाऊण तास उकळून घालू. आता मोठ्या पातेल्यात ते शिजतं, आणि कुत्री पहिल्यासारखीच रांगेत बसतात. गाठ दिसलेलं काळीज मात्र शिजवूनही कुणी घालत नाही, ते खड्ड्यातच.

शेरा आता नऊ वर्षांचा झाला. त्याला डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवशी, वजन करून गोळी मिळते. पिसवा कधीमधी होतात, फार झाल्या तर मानेवर टाकायचं औषधही आणतो, त्यात मला आता कमीपणा वाटत नाही. पण त्याआधी पडवी झाडलेली असते. माझी चार वर्षांची नात सुट्टीत आली की फणी तिच्या हातात असते. ती शेराच्या मानेवरून फणी ओढते, वाडग्यात बुडवते आणि मोजते. परवा म्हणाली, "नाना, आज एकच." मी तिला म्हटलं, "शाब्बास. आता दोन्ही हात साबणानं धुवून ये." ती गेली. मी शेराचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. ती सवय मला मोत्यापासून लागली आहे. हिरड्या गुलाबी होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)